एका जर्मन घोडेस्वाराची पदकं कशी वाचायची

लष्करी इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या जर्मन अधिकाऱ्याचं नाव आलं की मागोमाग पदकांची लांबलचक शेपटी येते. बहुतेक वाचक ती नुसती डोळ्यांखालून घालतात आणि पुढची लढाई गाठतात. मीही कित्येक वर्षं तेच करायचो. मग एका नावापाशी अडकलो.

नाव गेऑर्ग फॉन ब्योझेलागर, घोडदळातला अधिकारी. त्याची शेपटी अशी: आयर्न क्रॉस दुसरा वर्ग; आयर्न क्रॉस पहिला वर्ग; नाइट्स क्रॉस, 18 जानेवारी 1941; ओकची पानं, क्रमांक 53, 31 डिसेंबर 1941; तलवारी, क्रमांक 114, 28 नोव्हेंबर 1944, मरणोत्तर.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, हा गडी हिटलरच्या खास मर्जीतला असणार. प्रत्यक्षात मार्च 1943 मध्ये हिटलरला गोळ्या घालायला जे अधिकारी तयार होते, त्यांच्यात हा होता. शेवटच्या तलवारी दिल्या गेल्या तेव्हा देणाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता.

आता ही ओळ डावीकडून उजवीकडे सावकाश वाचू. ओकची पानं आणि तलवारी कशाशी खातात, हे आधी कळायला हवं.

आयर्न क्रॉसचा जन्म 1813 चा. नेपोलियनविरुद्ध उठलेल्या प्रशियाच्या राजाने, तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मने, तो सुरू केला. तारीख निवडली 10 मार्च, दिवंगत राणी लुईझेचा जन्मदिवस. राजाच्या कच्च्या रेखाटनावरून शिंकेल या वास्तुशिल्पीने नक्षी पक्की केली: काळं ओतीव लोखंड, भोवती चांदीची बारीक कड. लोखंडच का? तिजोरीत खडखडाट होता, हे एक कारण. त्याच वर्षी बायकांनी अंगावरचं सोनं युद्धनिधीला दिलं आणि बदल्यात लोखंडी दागिने घातले. लोखंड ही मिरवायची गोष्ट झाली होती. दुसरी नवलाई अशी की हे पदक शिपायालाही मिळे आणि सरदारालाही. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे 1870 च्या आणि 1914 च्या युद्धांत ते नव्याने जारी झालं. 1 सप्टेंबर 1939 रोजी, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशी, हिटलरने ते पुन्हा काढलं आणि मधोमध स्वस्तिक बसवलं. वर आणखी एक नवी पायरी जोडली, ती म्हणजे नाइट्स क्रॉस.

पायरी हा शब्द मुद्दाम वापरतोय. आपल्याकडे परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही तीन वेगवेगळी पदकं आहेत. ज्या तोलाचं शौर्य, त्या तोलाचं पदक. आधी वीर चक्र असल्याशिवाय परमवीर नाही, अशी अट नसते. जर्मनांचा मात्र जिना होता. दुसरा वर्ग, मग पहिला वर्ग, मग नाइट्स क्रॉस. फार तर दोन पायऱ्या एका दिवशी चढता येत, पण गाळता येत नसत. दुसऱ्या वर्गाची रोज दिसणारी खूण म्हणजे कोटाच्या काजातून ओवलेली फीत, बस्स. पहिला वर्ग डाव्या छातीवर टाचायचा. नाइट्स क्रॉस गळ्यात, थेट कॉलरखाली. तो एकदा मिळाला की दुसऱ्यांदा तोच देत नसत. त्याच्या कडीवर जून 1940 पासून चांदीची ओकची पानं चढायला लागली, 1941 पासून पानांखाली तलवारी आणि त्यावरही हिरे. डिसेंबर 1944 मध्ये सोन्याची पानं निघाली, ती एकाच माणसाला मिळाली: रुडेल नावाच्या वैमानिकाला.

या जिन्याची रचनाच अशी की वरची पायरी सतत डोळ्यांसमोर राहावी. सैनिक काही बावळट नव्हते. गळ्यातल्या पदकासाठी हपापलेल्या, त्यापायी हाताखालच्या पोरांना नको तिथे झोकणाऱ्या साहेबाबद्दल ते म्हणत, ‘साहेबांचा घसा दुखतोय.’ पहिला वर्ग आणि नाइट्स क्रॉस यांच्या मध्ये ‘जर्मन क्रॉस’ नावाचं एक मोठं, चकचकीत, ताऱ्यासारखं पदक होतं. त्याला सैनिकांनी ठेवलेलं नाव होतं तळलेलं अंडं. आपल्या भाषेत हाफ फ्राय.

आता आकडे. नाइट्स क्रॉस मिळालेले सात हजारांवर होते. पानं साडेआठशेच्या वर, तलवारी दीडशेच्या आसपास, हिरे फक्त 27. याउलट दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, एकूण 182 वेळा दिला गेला, आणि आपलं परमवीर चक्र आजवर 21 जणांना मिळालंय. म्हणून नाइट्स क्रॉस स्वस्त होता असं नाही, ती मुळात वेगळ्या जातीची वस्तू होती. आपल्या माणसाचंच उदाहरण घ्या. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जर्मन मशीनगनने जवळून आग ओकली. तुकडीत ते एकटे उभे उरले. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेडने ती बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस अशा काही क्षणांसाठी असतो. नाइट्स क्रॉस अशा क्षणांसाठीही मिळे. पण पूल काबीज करणाऱ्या कप्तानाला, लढाई जिंकणाऱ्या सेनापतीला, आणि युद्धाच्या सुरुवातीच्या काळात लाखभर टन जहाजं बुडवणाऱ्या पाणबुडीच्या कप्तानालाही मिळे. त्यात शौर्याइतकंच कर्तबगारीचं मोजमाप होतं. म्हणून ब्योझेलागरची ओळ वाचताना ‘किती धाडसी’ एवढंच विचारून भागत नाही, ‘वरच्यांना किती उपयोगी’ हेही विचारावं लागतं.

दुसरा प्रश्न घोडदळाचा. रणगाड्यांच्या युद्धात घोडे कुठून आले?

जर्मन सैन्य म्हटलं की डोळ्यांपुढे रणगाड्यांच्या रांगा येतात. ती हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या चित्रफितींची करामत आहे. 1941 मध्ये सोव्हिएत संघात घुसलेल्या जर्मन फौजेबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते, तोफा आणि रसदीच्या गाड्या ओढायला. लढणारं घोडदळ मात्र खरंच आक्रसलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला एक लाखाचंच सैन्य ठेवू दिलं. त्यातली तीन डिव्हिजन घोडदळाची होती, म्हणजे प्रमाण भरपूर. पण 1939 मध्ये बहुतेक रेजिमेंटा फोडून पायदळाच्या डिव्हिजनना टेहळणीसाठी वाटून टाकल्या. पुढे जायचं, शत्रू कुठे आहे ते हुडकायचं आणि जमलं तर पूल किंवा उतार ताब्यात घेऊन मागच्यांची वाट बघायची. उरलेलं एकमेव घोडदळ डिव्हिजन 1941 च्या अखेरीस मोडून त्याचं रणगाडा डिव्हिजन झालं.

गेऑर्ग या टेहळणीच्या कामातला. जन्म 25 ऑगस्ट 1915, बॉनजवळच्या हाइमर्झहाइमच्या गढीत. घराणं ऱ्हाइनकाठचं, सरंजामदार आणि कडवं कॅथलिक. शिक्षण जेझुइटांच्या शाळेत. 1934 मध्ये तो पाडरबॉर्नच्या 15व्या घोडदळ रेजिमेंटमध्ये भरती झाला. युद्धात सहाव्या पायदळ डिव्हिजनच्या टेहळणी दलातल्या पहिल्या स्क्वॉड्रनचा प्रमुख. जून 1940 मध्ये फ्रान्समध्ये त्याच्या स्क्वॉड्रनने गोळीबारातून सीन नदी ओलांडली. त्या मोहिमेतल्या कामगिरीबद्दल गळ्यात नाइट्स क्रॉस पडला. पुढच्या वर्षी तो रशियात, मॉस्कोच्या वाटेवर. तिथे पानं मिळाली तेव्हा तो रिटमाइस्टर होता. घोडदळात कप्तानाला कप्तान म्हणत नाहीत, रिटमाइस्टर म्हणतात. आपल्या रिसालदाराचा आवाज कानात आणणारा शब्द, हुद्दा मात्र वेगळा. पानांचा क्रमांक 53, म्हणजे त्याच्याआधी अख्ख्या जर्मन सैन्यात फक्त 52 जणांना ती मिळाली होती. वय 26.

इथवर ही गोष्ट कुठल्याही शूर अधिकाऱ्याची. वळण आलं ते त्याच्या धाकट्या भावामुळे.

फिलिप हा दोन वर्षांनी लहान, तोही घोडदळातलाच. जखमी झाल्यावर 1942 मध्ये त्याला फील्ड मार्शल क्लूगेच्या दिमतीला नेमलं. क्लूगे म्हणजे रशियातल्या मध्य आघाडीचा सरसेनापती. फिलिपचं काम आलेले अहवाल वाचून साहेबांना थोडक्यात सांगायचं. एक दिवस एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचा, अहवाल आला. त्यात एक ओळ होती: पाच जिप्सींना ‘विशेष वागणूक’ दिली. म्हणजे काय, हे फिलिपला कळेना. एसएसचा जनरल बाख-झेलेव्स्की भेटीला आला तेव्हा त्याला सरळ विचारलं. उत्तर मिळालं, गोळ्या घातल्या. कोणत्या खटल्यानंतर? खटला कसला, आम्ही सगळ्याच ज्यूंना आणि जिप्सींना मारतो. जेवणाच्या टेबलावर मीठ मागावं तशा सुरात सांगितलेली ही गोष्ट त्या पंचविशीच्या पोराच्या गळ्याखाली उतरली नाही. त्याचं उरलेलं आयुष्य त्या एका ओळीने ठरवलं, असं तो म्हातारपणी सांगत असे.

दुसरा धक्का फोनवर बसला. साहेबांचे फोन ऐकून टिपणं काढणं हेही त्याचंच काम. ऑक्टोबर 1942 च्या अखेरीस क्लूगेची साठी होती. पलीकडून हिटलर बोलत होता: वाढदिवसाची भेट म्हणून अडीच लाख राइशमार्क, शिवाय जहागिरीवर बांधकाम करायची परवानगी. युद्धकाळात बांधकामाला बंदी असताना! पदकांच्या यादीत ही भेट कधीच दिसत नाही, पण ती त्याच जिन्याची मागची बाजू होती. वरच्या सेनापतींना हिटलर नियमाने आणि गुपचूप पैसे पोचवत असे. शिपायाला फीत, कप्तानाला गळ्यातला क्रॉस, फील्ड मार्शलला चेक. फिलिपने साहेबांना सुचवलं की रक्कम रेड क्रॉसला देऊन टाका. दिली नाही.

क्लूगेच्याच मुख्यालयात हेनिंग फॉन ट्रेस्को नावाचा कर्नल होता. हिटलरविरोधी कटाचा तो मेंदू. त्याने फिलिपला ओढलं आणि फिलिपच्या पाठोपाठ गेऑर्गला. आता ती पानं कामाला आली. जानेवारी 1943 मध्ये गेऑर्गने क्लूगेपुढे योजना मांडली: आघाडीला भगदाड पडेल तिथे पळत जाऊन बुजवणारं, चिखलात आणि जंगलातही चालणारं घोडदळ उभारू द्या. रशियाच्या वसंतातल्या चिखलात ट्रक रुततात, घोडा निघतो, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. योजना लष्करीदृष्ट्या चोख होती. शिवाय ती पानं गळ्यात असलेल्या माणसाला ‘तुला हे कशाला हवं’ असं कोण विचारणार? क्लूगेने होकार दिला. कटवाल्यांना हवं होतं ते आपल्या शब्दावर हलणारं, विश्वासू दल. दोन्ही कामं एकाच होकारात झाली.

13 मार्च 1943 रोजी हिटलर स्मोलेन्स्कजवळच्या मुख्यालयात आला. ठरलं होतं असं की जेवणाच्या वेळी काही अधिकाऱ्यांनी एकदम पिस्तुलं काढायची. क्लूगेला याची कुणकुण होती. त्याने ऐनवेळी पाय मागे घेतला. एसएसचा प्रमुख हिमलर सोबत आलेला नाही, तो जिवंत राहिला तर एसएस आणि सैन्य आपसांत लढतील, हे त्याचं कारण. कारण अगदीच खोटं नव्हतं. पण अडीच लाखांचा फोन ज्याने ऐकला होता, त्याला ते ऐकताना काय वाटलं असेल?

मग त्याच दिवशी ट्रेस्कोच्या माणसांनी दुसरा डाव टाकला. हिटलरच्या परतीच्या विमानात बसणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या हातात एक पुडकं दिलं: कॉइंत्रो या मद्याच्या दोन बाटल्या, मुख्यालयातल्या एका मित्राला पोचवा. आत ब्रिटिश बनावटीची स्फोटकं होती. ती फुटलीच नाहीत. पुडकं नेणारा होता हाइन्झ ब्रान्ट, 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये घोडा उडवून सांघिक सुवर्णपदक मिळवलेला स्वार. आपण काय नेतोय, हे त्याला कधीच कळलं नाही. सोळा महिन्यांनी 20 जुलै 1944 रोजी याच कटातल्या स्टाउफेनबर्गने हिटलरच्या टेबलाखाली बॉम्बची बॅग ठेवली. स्टाउफेनबर्ग मूळचा बाम्बर्गच्या घोडदळ रेजिमेंटमधला. ती बॅग पायात येते म्हणून याच ब्रान्टने टेबलाच्या जाडजूड आधारापलीकडे सरकवली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. हिटलर वाचला, ब्रान्ट गेला. त्याला मरणोत्तर जनरल केलं. एखाद्या लेखकाने हे रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

आता त्याच जुलैमधले ब्योझेलागर बंधू. 20 तारखेच्या बॉम्बसाठीची स्फोटकं मिळवण्यात आणि पोचवण्यात फिलिपचा हात होता. गेऑर्गला ट्रेस्कोने पश्चिमेला क्लूगेकडे पाठवलं. क्लूगे तोवर फ्रान्सच्या आघाडीचा सरसेनापती झाला होता. पश्चिमेची आघाडी दोस्त राष्ट्रांना मोकळी करा, हा निरोप. क्लूगे पुन्हा बधला नाही. इकडे फिलिप सुमारे बाराशे स्वार घेऊन लढत्या आघाडीवरून निघाला आणि पश्चिमेला दौडू लागला. मागच्या विमानतळावर पोचायचं, तिथून बर्लिनला उडायचं आणि हिमलर-गोबेल्सला पकडायचं. जवळजवळ दोनशे किलोमीटरची दौड, जेमतेम दीड दिवसात. कशासाठी चाललोय, हे बहुतेक स्वारांना माहीत नव्हतं. वाटेत भावाकडून निरोप आला: ‘सगळे पुन्हा जुन्या बिळांत.’ डाव फसल्याची ही खूण. फिलिपने बाराशे घोडे वळवले आणि ज्या वाटेने आला त्याच वाटेने आघाडीवर परत गेला.

मला या सगळ्यात हीच दौड सर्वात जवळून बघावीशी वाटते. घोडं थकलं की उतरून लगाम धरून चालायचं, पुन्हा चढायचं. पाठीमागे रशियन सैन्य, पुढे काय हे सांगायची सोय नाही. आणि अर्ध्या वाटेवर घोड्यांची तोंडं उलटी फिरवताना शिपायांना काय कारण द्यायचं? सोव्हिएत सैन्याच्या रेट्यापुढे आघाडीवर इतका गोंधळ होता की त्या दोनशे किलोमीटरांचा हिशेब कुणी मागितला नाही. आणि फिलिपच्या नाइट्स क्रॉसवरची अधिकृत तारीख? 20 जुलै 1944.

पुढचे दिवस भराभर संपले. ट्रेस्कोने 21 जुलैला आघाडीवर जाऊन जीव दिला. क्लूगेने 19 ऑगस्टला विष घेतलं. पकडलेल्यांचे हाल झाले, पण दोघा भावांचं नाव कुणी घेतलं नाही. 27 ऑगस्टला पोलंडमध्ये वोम्झाजवळच्या लढाईत गेऑर्ग आपल्या घोडदळ ब्रिगेडच्या पुढे राहून चढाई करताना ठार झाला. एकोणतिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते. त्याला मरणोत्तर कर्नल केलं, आणि नोव्हेंबरात तलवारी आल्या. तेव्हा त्याच कटातल्या माणसांना बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात फासावर लटकवणं चालूच होतं.

इथे थांबलो तर गोष्ट फार गुळगुळीत होईल. या घोडदळाने फक्त भगदाडं बुजवली नाहीत. 1943 मध्ये बेलारूसच्या जंगलांत पार्टिझनांविरुद्धच्या, म्हणजे जर्मनांशी गनिमी काव्याने लढणाऱ्यांविरुद्धच्या, मोहिमांतही ते उतरलं. त्या मोहिमांत गावंच्या गावं जाळली गेली आणि मारल्या गेलेल्यांत निःशस्त्र शेतकरी किती, हे बघितलं तर ‘पार्टिझनविरोधी’ हा शब्द घशात अडकतो. हिटलरला मारायला निघालेले अधिकारी त्याच हिटलरचं युद्ध मन लावून लढतही होते, आणि चांगले लढत होते म्हणूनच त्यांना पदकं मिळत होती, आणि पदकं होती म्हणून संशय येत नव्हता. जर्मन इतिहासकारांनी हा प्रश्न गेल्या काही दशकांत लावून धरलाय. या दोन बाजूंपैकी एक पूर्ण पुसून दुसरी ठळक करणं मला तरी जमत नाही.

फिलिप वाचला. युद्धानंतर आर नदीच्या खोऱ्यातल्या आपल्या गढीत राहिला, जंगलं सांभाळली, उतारवयात शाळांतून मुलांशी बोलला. जर्मनीने त्याला सन्मानपदक दिलं, फ्रान्सने लीजन ऑफ ऑनर. 1 मे 2008 रोजी, नव्वदीत, तो गेला. गेऑर्गचं नाव नव्या जर्मन सैन्याने टेहळणी पथकांच्या एका स्पर्धेला दिलं. त्या स्पर्धेत चिलखती गाड्या असत, घोडा एकही नसे.

राहिला तो क्रॉस. युद्ध हरल्यावर स्वस्तिकाची पदकं लावणं गुन्हा झालं. मग 1957 मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा करून वाट काढली: जुन्या सैनिकांनी पदकं लावावीत, पण स्वस्तिकाशिवाय. त्यासाठी नवे क्रॉस घडवले गेले. मधल्या जागी स्वस्तिकाऐवजी 1813 च्या मूळ नक्षीतली ओकची तीन पानं आली. खालच्या भुजेवर कोरलेलं 1939 हे साल मात्र तसंच ठेवलं.